व्यायामाच्या चाचणीसाठी कर्करुग्णांचा होकार
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वार्षिक सभेत फिजिओथेरपिस्टला बोलण्यास पाचारण करण्याची प्रथा फारशी नाही. आमचे काम तळमजल्याच्या एका कोपऱ्यात, दोऱ्या, चेंडू आणि वाळूच्या पिशव्या यांच्या संगतीत चालते, आणि अहवालात त्याला दोन ओळी मिळाल्या तरी आम्ही समाधानी असतो. यंदा मात्र विश्वस्तांनी मला मुद्दाम एक विषय दिला आहे. कर्करोगाचे उपचार घेतलेल्या रुग्णांना नियमित व्यायामाचा कितपत उपयोग होतो, हे तपासणाऱ्या चाचण्या जगभर चालू आहेत. उद्या एखाद्या मोठ्या केंद्राने अशा चाचणीसाठी आपल्या किनारपट्टीवरील रुग्णांचा सहभाग मागितला, तर आपण कोणते उत्तर द्यावे, असा तो प्रश्न आहे. आज येथे अशी कोणतीही चाचणी सुरू नाही, हे प्रथमच स्पष्ट करते. कोणाही नातेवाइकाने ऐकता ऐकता घाबरून जाऊ नये.

मी शिकत होते त्या काळी कर्करुग्णास एकच सल्ला दिला जाई, तो म्हणजे विश्रांतीचा. आज तो सल्ला पूर्वीसारखा देता येत नाही. बरे होण्याच्या हेतूने उपचार चालू असतानाही रुग्णास झेपेल असा व्यायाम सुचवावा, अशी शिफारस अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 साली केली. त्यानंतर जून 2025 मध्ये ‘चॅलेंज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेल्या 889 रुग्णांचे त्यात दोन गट केले होते. एका गटाला आरोग्यविषयक माहितीपुस्तिका दिली, दुसऱ्या गटाला पुस्तिकेखेरीज तीन वर्षे मार्गदर्शकाच्या सोबतीने व्यायाम दिला. हा व्यायाम म्हणजे काही मल्लविद्या नव्हे. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालणे, इतपत. पाच वर्षांनंतर रोग न उलटता जिवंत असलेले रुग्ण व्यायामाच्या गटात 80.3 टक्के होते, दुसऱ्या गटात 73.9 टक्के. आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 90.3 आणि 83.2 टक्के होते. शंभर माणसांमागे सात माणसे अधिक जगली, असा याचा सरळ अर्थ. औषधाच्या एखाद्या नव्या गोळीने एवढे साधले असते, तर तिची किंमत आपल्यासारख्या रुग्णालयाला विचारण्याचेही धाडस झाले नसते.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. टाटा मेमोरिअल सेंटरने स्तनाच्या कर्करोगाच्या 850 महिलांवर योगासनांची चाचणी केली. तिचे निष्कर्ष डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथील परिषदेत मांडण्यात आले. प्रशिक्षित योगशिक्षकांचे वर्ग, आणि घरी सराव करता यावा म्हणून माहितीपत्रके व सीडी, असे तिचे स्वरूप होते. भारतीय स्त्रियांना झेपेल आणि रुचेल असा व्यायाम घेऊन एवढ्या जणींना एकत्र आणणे शक्य आहे, हे त्या कामाने दाखवले. याच संस्थेचे खारघर येथील संशोधन केंद्र आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. म्हणजे असे पत्र आपल्याकडे येण्याची शक्यता काही दूरदेशीची नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. चॅलेंज चाचणीचे निष्कर्ष सर्वांनी वाचले, पण त्यातील एका आकड्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रुग्णांची नोंदणी 2009 साली सुरू झाली आणि 2024 साली संपली. पंधरा वर्षे! कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इतर काही देशांतील 55 केंद्रे या कामाला लागली होती. भागाकार केला तर एका केंद्राच्या वाट्याला सरासरी सोळा रुग्ण येतात, वर्षाला जेमतेम एक. ज्या देशांत रस्ते, वाहने, विमा, उद्याने सर्व काही आहे, तेथे ही गत. औषधाच्या चाचणीत रुग्णाला गोळी गिळावयाची असते. व्यायामाच्या चाचणीत त्याला तीन वर्षे आपली दिनचर्या बदलावयाची असते. शिवाय पुढे येतात ते बहुधा मुळातच व्यायामाची आवड असलेले, आणि त्यांना घेऊन उपयोग नसतो, कारण त्यांच्यात फरक दिसणार कसा? ज्यांना खरी गरज आहे ते घरी अंथरुणावर असतात.

आपल्या भागात अंथरुणावर कोण असते, हे मी आपणांस सांगितले पाहिजे असे नाही. पहाटे चारला उठून बंदरावर जाणारी, लिलावात मासळी घेऊन डोक्यावर पाटी ठेवून गावोगाव फिरणारी कोळीण. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून उभी राहणारी आगरी बाई. वाडीत नारळ-सुपारीला पाणी घालणारी. यांना ‘तुम्ही व्यायाम करता का’ असे विचारले की त्या ‘नाही’ म्हणतात. परदेशात तयार झालेल्या प्रश्नावलीत फावल्या वेळातील व्यायामाचा रकाना असतो. पाटीचा रकाना नसतो. त्यामुळे आयुष्यभर दहा-दहा मैल चाललेली बाई कागदावर ‘बैठ्या जीवनशैलीची’ ठरते. उलट, शस्त्रक्रियेनंतर तिच्या हातातून सर्व काम काढून घेतले जाते आणि ती खरोखरच बैठी होते, तेव्हा ती सवयीने सांगते, ‘मी मेहनतीची बाई हाय.’ दोन्ही वेळा कागद चुकतो. आपल्याकडे अशी चाचणी व्हावयाची असेल, तर ती प्रश्नावली आधी या किनाऱ्यावरच्या बायकांसमोर बसून नव्याने तयार केली पाहिजे.

हातातून काम काढून घेणारे कोण, तर घरातील मायेची माणसे. नातेवाईक मंडळी, मी तुम्हाला दोष देत नाही. सून झाडू काढून घेते, मुलगा घागर उचलू देत नाही, नवरा प्रथमच स्वतः चहा करतो. त्यात प्रेम आहे, आणि भीतीही आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येते म्हणून त्या हाताने वजन उचलू नये, असे आम्ही वैद्यकीय लोकांनीच अनेक वर्षे सांगितले. पुढे 2009 साली अमेरिकेत अशी सूज असलेल्या 141 महिलांवर झालेल्या चाचणीत असे आढळले की, देखरेखीखाली अगदी हलक्यापासून सुरू करून हळूहळू वजन वाढवीत गेल्यास सूज वाढत नाही. उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी होतात. ‘देखरेखीखाली’ आणि ‘हळूहळू’ हे दोन शब्द कृपया सोडू नका. घरी जाऊन आईच्या हातात भरलेली घागर द्या, असे मी म्हणत नाही. सांगावयाचे ते एवढेच की, चाचणीत रुग्ण यावा असे वाटत असेल तर एकट्या रुग्णाशी बोलून भागत नाही. तिच्या मागे उभी असलेली सून ‘नको गं बाई’ म्हणाली की काम संपते. आणि ती का नको म्हणते, हे विचारण्यास बहुतेक वेळा कोणाला सवड नसते.

अंतराचा प्रश्न तर उघडच आहे. मुरूडहून परळला आठवड्यातून दोन वेळा जाणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या कित्येकांनी केमोच्या काळात अनुभवले आहे. एस.टी., मांडवा, बोट, पुन्हा टॅक्सी. सोबत एक माणूस, त्याचाही रोज बुडतो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात. 2020 पासून भाऊच्या धक्क्याला रो-रो आहे आणि जानेवारी 2024 पासून शिवडी-न्हावाशेवा सेतूही झाला. पण ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी सेतू जवळ, इतरांसाठी तो दुरूनच देखणा. शिवाय आपले वर्ष निराळे आहे. जुलैत लावणी, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात, मग गणपती, मग कापणी. मुंबईत बसून आखलेल्या वेळापत्रकात हे काही नसते. रुग्ण आला नाही की तेथे ‘गैरहजर’ अशी नोंद होते, एवढेच.

हे सारे अडथळे पैशाने आणि थोड्या अकलेने दूर करता येतील. ज्या अडथळ्यापाशी मला थोडे थांबावयाचे आहे तो निराळा आहे, आणि तो आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेतच अधिक आढळतो. तो अडथळा नकाराचा नाही, होकाराचा आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुंबईतील एका रुग्णालयात असताना अशाच एका कामासाठी रुग्णांची नावे नोंदवीत असे. आपल्याच बाजूच्या एका कोळीवाड्यातील एक मावशी तेथे उपचारासाठी आल्या होत्या, भाच्याच्या खोलीवर राहत होत्या. मी त्यांना संमतीपत्र वाचून दाखवले. साधारण चौथ्या ओळीनंतर त्या कागदाकडे न पाहता माझ्याकडेच पाहत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, ‘तू सांगशील तसा करीन गो बाय.’ मला आनंद झाला. अंगठा घेतला, आणि साक्षीदार म्हणून आमच्याच वॉर्डातील आयाबाईंची सही घेतली. निरक्षर व्यक्तीच्या संमतीस जो साक्षीदार लागतो तो संशोधनाशी संबंध नसलेला, तटस्थ असावा लागतो, हे मला ठाऊक होते. पण घाई होती, आणि त्या महिन्याचा आमचा आकडा कमी पडत होता.

मावशी आठवड्यातून दोन वेळा येऊ लागल्या. कधी उशिरा येत, कधी न येत. आल्या की पायांवर सूज असे. दीड महिन्याने त्यांच्या सुनेने मला जिन्यात गाठून सांगितले की, सासूबाई भाड्याला उसने पैसे घेतात, आणि ते संपले की स्टेशनपासून चालत येतात. मी मावशींना विचारले, ‘झेपत नव्हते तर बोलला का नाहीत?’ त्या म्हणाल्या, ‘बिल कमी केलंव ते तुमीच ना? मग नाय कशी बोलू?’

बिलात सवलत देणारा विभाग वेगळा होता. माझा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पण पांढरा कोट तोच, इमारत तीच, आणि मावशींच्या दृष्टीने उपकार करणारा हातही तोच. आदल्या आठवड्यात मी त्यांच्या नावापुढे ‘रुग्णाचे सहकार्य नाही’ असा शेरा लिहिला होता. तो मी त्या दिवशी खोडला, पण खोडल्याची खूण त्या पानावर राहिलीच.

सभासदहो, मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. पिवळी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा दाखला घेऊन येणाऱ्या रुग्णाचा तो हक्क आहे. आपण देणगीदार त्याहूनही अधिक देता, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. परंतु रुग्णाला त्यात हक्क दिसत नाही, मेहेरबानी दिसते. अशा रुग्णापुढे कोणताही कागद ठेवा, तो अंगठा उठवील. परदेशातील केंद्रांना वर्षाला एक रुग्ण मिळवताना नाकी नऊ आले. आपल्याकडे महिन्यात पन्नास मिळतील, आणि नेमकी तीच गोष्ट मला भीतीची वाटते. तो होकार नीतीच्या दृष्टीने अपुरा, आणि विज्ञानाच्या दृष्टीनेही पोकळ. भिडेपोटी आलेला माणूस व्यायाम करीत नाही; केला असे सांगतो. त्याने भरलेल्या वहीवरून काढलेला निष्कर्ष पुढच्या हजारो रुग्णांची दिशाभूल करील.

म्हणून माझी विश्वस्तांना विनंती आहे की, असे पत्र आल्यास लगेच होय म्हणू नये. चाचणीला नैतिकता समितीची मान्यता हवी आणि तिची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत झालेली हवी, हे तर झालेच; ही नोंदवही 2007 पासून कोणालाही पाहता येते. त्याखेरीज आपण आपल्या अटी घालाव्यात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, किंवा सवलतीच्या अर्जावर सही करणाऱ्या समाजसेवा अधिकाऱ्यांनी, रुग्णाला चाचणीविषयी विचारू नये. विचारणारी व्यक्ती बाहेरची असावी, शक्यतो या भागातील बोली जाणणारी. कागद रुग्णाने घरी न्यावा, दोन-चार दिवस ठेवावा, शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावा. निर्णय रुग्णाचा, घरच्यांचा सल्ला घ्यावा, पण नवऱ्याच्या किंवा मुलाच्या सहीने बाईचा होकार ठरत नाही. तोट्याची बाजूही उघडपणे सांगावी. चॅलेंज चाचणीत स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात 18.5 टक्के आणि दुसऱ्या गटात 11.5 टक्के लोकांना झाल्या. ज्यांच्या हाडांत रोग पसरला आहे किंवा ज्यांचे रक्त फार कमी आहे त्यांना आधी तपासल्याशिवाय कोणताही व्यायाम देऊ नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनामुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई मिळणे हा सहभागी व्यक्तीचा अधिकार आहे. तोही बोलून दाखवावा, केवळ छापून ठेवू नये.

सर्वांत अवघड असते ते चिठ्ठीचे सांगणे. कोणाला व्यायाम मिळणार आणि कोणाला नाही, हे डॉक्टर ठरवीत नाहीत, संगणक ठरवतो. पनवेल-उरणकडच्या मंडळींना मी सिडकोच्या सोडतीचे उदाहरण देते, ते चटकन समजते. वशिला चालत नाही हेही समजते. परंतु सोडतीत नाव न लागलेल्याला घर मिळत नाही, तसे येथे नाही, हेही लगेच सांगावे लागते. दुसऱ्या गटातील रुग्णाचे नेहमीचे उपचार यत्किंचितही कमी होत नाहीत. गावात तर आणखी गंमत होते. एका आळीतील दोघी चाचणीत आल्या, एकीला व्यायाम मिळाला आणि दुसरीला पुस्तिका, की आठ दिवसांत पहिली दुसरीला पाणवठ्यावर सर्व शिकवून मोकळी होते. संशोधक कपाळाला हात लावतात. मला मात्र त्या पहिलीचे कौतुकच वाटते. उपाय असा की, एका गावाला एकच चिठ्ठी टाकावी, आणि चाचणी संपल्यावर राहिलेल्या गावांनाही तोच व्यायाम शिकवण्याचे वचन आधीच लेखी द्यावे.

देणगीदारांकडे मी ट्रेडमिल मागणार नाही. ते यंत्र खाऱ्या हवेत किती टिकते, ते आमच्या विभागात येऊन पाहावे. मागणे आहे ते रुग्ण आणि सोबतीचा माणूस, दोघांच्या प्रवासखर्चाचे. आणि तो चाचणीतील रुग्णांपुरता नसावा. चाचणीत नसलेल्या, किंवा नाही म्हटलेल्या रुग्णालाही फिजिओथेरपीसाठी येण्याचे भाडे त्याच निधीतून मिळावे. म्हणजे भाड्यासाठी कोणी होकार देणार नाही. दुसरे मागणे गावातीलच एखाद्या शिकलेल्या मुलीच्या मानधनाचे. ती आठवड्यातून एकदा घरोघर जाईल, सोबत चालेल, कोणाचा दम लागतो ते पाहील. परळच्या जिन्यापेक्षा गावाच्या देवळापासून बंदरापर्यंतचा रस्ता या कामाला अधिक बरा. आणि या देणगीच्या मोबदल्यात व्यायाम करणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र पुढील अहवालात छापून येईल, अशी अपेक्षा कृपा करून ठेवू नये.

एक शेवटची सूचना कार्यालयासाठी आहे. चाचणीची नोंदवही आखली जाईल तेव्हा तिच्यात नकाराचाही रकाना असावा, त्यात नाव नसावे, केवळ कारण असावे: भाडे, लावणी, सून नको म्हणते, भीती वाटते, काही एक कारण सांगितले नाही. वर्षअखेरीस तो रकाना याच सभेत वाचून दाखवावा. तो कोरा राहिला, तर त्या वर्षीची नोंदणी थांबवून चौकशी करावी, अशी माझी विश्वस्त मंडळास विनंती आहे.

मावशींविषयी काहींनी मला आताच मध्यंतरात विचारले. त्यांचे नाव मी त्याच आठवड्यात चाचणीतून काढले, उपचार होते तसेच चालू राहिले. गावी परतताना त्या माझ्याकडे खांद्याच्या व्यायामाचा चित्रांचा कागद मागून घेऊन गेल्या. तो त्यांनी वापरला की नाही, हे विचारण्याचा अधिकार मला उरला नव्हता, म्हणून मी विचारले नाही.